झोपलेल्या लेकराला हुकूम चालत नाही

आपल्या देवळ्यात काय, सटाण्या-मालेगावात काय, घरात तीन-साडेतीन वर्षांचं मूल असलं की आलेला पाहुणा विचारतोच, "अजून रात्री अंथरूण ओलं करतो का?" आई खाली बघते. मग कुणी म्हणतं, "आमचा तर दोन वर्षांचा असतानाच शिकला होता." आणि त्या दिवसापासून त्या घरात मोहीम सुरू होते. संध्याकाळनंतर पाणी बंद, रात्री दोनदा उठवायचं, सकाळी गादी ओली दिसली की भावंडांसमोर टोमणे, प्रसंगी चापट.

मूल रात्रीसाठी तयार कधी झालं, हे पाहुणे ठरवू शकत नाहीत. बालवाडीच्या प्रवेशाची तारीखही ठरवू शकत नाही. खरं तर आईबापसुद्धा ठरवत नाहीत. ते त्या मुलाचं शरीर ठरवतं, आणि आपलं काम फक्त ते ओळखण्याचं आहे.

दिवसाची सवय आणि रात्रीची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवसा मूल जागं असतं. त्याला सांगता येतं, दाखवता येतं, शाबासकी देता येते. रात्री ते झोपलेलं असतं, आणि झोपलेल्याला शिकवता येत नाही. रात्र कोरडी जायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूतून एक संप्रेरक पुरेसं सुटावं लागतं. लघवीच्या पिशवीत रात्रभराची लघवी मावावी लागते; चार वर्षांच्या मुलाच्या पिशवीत साधारण 150 मिलिलिटर मावते, म्हणजे चहाचा एखादा मोठा कप. आणि पिशवी भरली की झोप मोडावी लागते. यातली एकही गोष्ट रागावल्याने लवकर होत नाही.

म्हणूनच वैद्यकशास्त्र पाच वर्षांच्या आत याला आजार म्हणतच नाही. पाच वर्षांच्या दर शंभर मुलांत साधारण पंधरा मुलं अंथरूण ओलं करतात, आणि पुढे दरवर्षी त्यातली साधारण पंधरा टक्के आपोआप थांबतात. मुलींपेक्षा मुलगे जास्त. आईबापांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो असण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या वर जाते, दोघांना असेल तर सत्तरच्या वर. तेव्हा लेकराला आळशी म्हणण्याआधी बापाने आपल्या आईला एकदा विचारून घ्यावं.

काही जण म्हणतात, "आमच्या वेळी डायपर नव्हते, तरी मुलं लवकर शिकायची." दिवसाचं शिकायची, हे खरं आहे. रात्रीचं काय व्हायचं? दुपटी आणि गोधड्या आई, दादी, मोठी बहीण धुवायची आणि कुणी मोजत नव्हतं. विस्तवाशी खेळलं की रात्री अंथरुणात मुततात, हे आपल्याकडे अजून सांगतात. त्या काळी सगळी मुलं कोरडी उठत असती तर ही म्हण जन्मालाच आली नसती.

आईच्या रागालाही कारण आहे, ते नाकारून चालणार नाही. उन्हाळ्यात पाण्याची ओढ, त्यात रोज भिजलेली गोधडी, शिवाय डायपरचा खर्च. पण गंमत अशी की ज्याला गोधडी धुवावी लागत नाही तोच बहुधा मुदत ठरवतो. बापाने आठवडाभर ती स्वतः धुवावी. गादीवर मेणकापड अंथरायची अक्कल दुसऱ्याच दिवशी येईल.

आपल्या घरांत आणखी एक शब्द लेकराच्या अंगावर पडतो, "नापाक". फजरच्या वेळी ओली गादी दिसली की दादीचा जीव वर-खाली होतो. पण कपडा नापाक होतो, तो पाण्याने पाक होतो; मूल गुन्हेगार होत नाही. तान्ह्या बाळाने अंगावर लघवी केली तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाणी मागवून त्या जागी टाकलं, एवढंच. आणि ज्यांच्या नावे काही लिहिलं जात नाही अशा तिघांत झोपलेला माणूस आहे आणि लहान मूलही आहे. झोपलेलं लहान मूल म्हणजे दुहेरी माफी. जिथे अल्लाहने हिशेब ठेवला नाही तिथे आपण वही कशाला उघडायची?

मारून काय होतं ते बिहारातल्या मोतिहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलने लिहून ठेवलंय. आठव्या वर्षी इंग्लंडमधल्या निवासी शाळेत टाकल्यावर तो पुन्हा अंथरूण ओलं करू लागला. रोज रात्री देवाची प्रार्थना करायचा, तरी व्हायचं, आणि छडीचा मार मिळायचा. म्हातारा होण्याआधीच तो वारला, पण ती छडी विसरला नाही. आपल्या शेजारच्या कळवण तालुक्यात आश्रमशाळा आहेत, गावोगावी वसतिगृहं आणि निवासी मदरसे आहेत. तिथे सहा-सात वर्षांची लेकरं घर सोडून झोपतात. प्रत्येक ठिकाणी जादा चादरी, मेणकापड आणि गुपचूप चादर बदलून देणारं एक शहाणं माणूस असायलाच हवं. सगळ्यांसमोर नाव घेणं ही शिस्त नाही, क्रौर्य आहे.

मग ओळखायचं कसं? दिवसाचं नियंत्रण पक्कं होऊन काही महिने झालेत, सकाळी लंगोट बऱ्याचदा कोरडा निघतो, किंवा मूल स्वतः रात्री उठून सांगतं, तेव्हा लंगोट काढून बघावा. जमलं नाही तर न बोलता पुन्हा घालावा. दिवसभर पाणी भरपूर द्यावं, संध्याकाळी चहा देऊ नये, झोपण्याआधी शू करून घ्यावी. संडास अंगणापलीकडे असेल तर दिवा लावावा आणि सोबत जावं. अंधाराला घाबरणं हा हट्ट नव्हे. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते बरं करावं. झोपेतच उचलून नेल्याने गादी वाचते, मूल शिकत नाही.

सात वर्षांनंतरही चालू राहिलं तर डॉक्टरकडे जावं, उपाय आहेत. आणि सहा महिने कोरडं राहिलेलं मूल अचानक भिजवू लागलं, फार तहान लागते, लघवीला जळजळ होते किंवा ते गप्प-गप्प राहतं, तर वय न बघता लगेच जावं. तावीज नंतरही बांधता येईल.