दप्तर मागा



उसाची गाडी काट्यावर चढली की आपण डोळ्यांत तेल घालून उभे राहतो. वजनात थोडा फरक दिसला तरी भांडतो. त्याच उसाचा पैसा एकदा पतसंस्थेत किंवा बँकेत जमा झाला, की मात्र त्याचे पुढे काय होते ते विचारायचे आपल्याला सुचत नाही.

६ डिसेंबर २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन बँकेवर निर्बंध आणले. खातेदाराला स्वतःच्याच पैशातून १० हजारांपर्यंत रक्कम काढण्याची मुभा उरली. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी बँकेचा परवानाच रद्द झाला. १९१० साली निघालेली ही बँक! कर्जप्रकरणांचे गुन्हे दाखल आहेत, दोषी कोण ते कोर्ट ठरवील. ठेवीला विमा आहे तो ५ लाखांपर्यंत. त्यावरचा पैसा अवसायकाच्या वसुलीवर लटकतो. आणि गावोगावच्या पतसंस्थांना तर हा विमाही नाही.

सहकारातला पैसा कोणी रात्री भिंत फोडून नेत नाही. तो भरदिवसा, सही-शिक्क्यानिशी जातो. २० लाखांच्या जमिनीचे मूल्यांकन २ कोटींचे होते. त्यावर कर्ज मंजूर होते एकाच्या नावाने, रक्कम वळते दुसऱ्याच्याच खात्यात. हप्ता थकला की नवे कर्ज काढून जुने फेडल्याचे दाखवायचे. अहवालात सगळे आलबेल. सभेत 'मंजूर, मंजूर' म्हणायला माणसे तयार असतात आणि बाकीच्यांचे लक्ष जेवणाच्या पंगतीकडे. (आमच्यातही काही संचालक आहेत, त्यांना हे झोंबेल. झोंबू द्या.)

माहितीच्या अधिकारासाठी याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे लढले. राज्याचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा. पण सहकारी संस्था सरसकट या कायद्याखाली येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला आणि संचालकांना सबब मिळाली. त्याच निकालातली दुसरी बाजू ते सांगत नाहीत. निबंधक हे सरकारी कार्यालय आहे आणि संस्थेची जी माहिती निबंधकाला कायद्याने मागवता येते, ती त्याच्यामार्फत आपल्याला मागता येते.

सभासदाचा हक्क त्याहून जुना आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम ३२ वाचा. लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेची आणि संचालक मंडळाचीही इतिवृत्ते कार्यालयात बसून फुकट पाहता येतात. फी भरली की नकलाही मिळतात. कलम ७५ तर संचालकांना आणखी अडचणीचे आहे. संचालकाने, त्याच्या घरच्यांनी किंवा त्यांच्या फर्मने किती कर्ज घेतले, किती फेडले, किती थकवले, याचा तक्ता वार्षिक सभेपुढे ठेवावाच लागतो. तुमच्या सोसायटीत तो तक्ता शेवटचा कधी पाहिलात? लेखापरीक्षक नेमण्याचा ठरावही सभेचाच असतो. तिथेही हात वर करून आपण मोकळे होतो.

एकट्याने दप्तर मागितले तर सचिव उद्या या म्हणतो, परवा कपाटाची किल्ली हरवते. म्हणून दहा-पंधरा जणांनी सह्या करून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. टाळाटाळ झाली तर तीच पोच जोडून तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे जावे.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हव्यात. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या सोसायटीचा किंवा पतसंस्थेचा छापील अहवाल पिशवीत घालून आणावा. भाषणे नंतर होतील. आधी थकबाकीचे पान उघडून बसू.