लेबलचे यंत्र घेताना त्याची भाषा विचारा

वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांत माल बांधणारे आपले कारागीर बांधव आता मोबाईलवरून लेबल छापतात. किरकोळ विक्रीच्या पाकिटावर किंमत, वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष छापणे 2011च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. लेबल अडले की माल अडतो, आणि लेबल पुष्कळदा अडते ते भाषेपायी. झेब्राची झेडपीएल, टीएससीची टीएसपीएल, पावतीच्या यंत्रांसाठी एप्सनने काढलेली ईएससी-पीओएस. ॲप एका भाषेत हुकूम सोडते, यंत्राला दुसरीच कळते. मग कोरी लेबले सुटतात, नाहीतर ते हुकूमच अक्षरांत छापून येतात. बिचाऱ्या ब्लूटूथला दोष देत आम्हीही एक अख्खा रोल वाया घालवला!

बहुतेक यंत्रांत फीडचे बटण दाबून धरून वीज चालू केली की चाचणीचे लेबल निघते. त्यावर भाषेचे नाव बहुधा असते. ॲपच्या सेटिंगमध्ये तीच निवडावी. टीएसपीएलमध्ये लेबलचे माप व दोन लेबलांमधली फट मिलिमीटरमध्ये सांगता येते. मराठी मजकूर मात्र चित्र म्हणून पाठवावा.

आमचे म्हणणे इतकेच की, विक्रेत्याने यंत्राची भाषा बिलावर लिहून द्यावी. ‘कोणतेही ॲप चालेल’ एवढ्यावर पैसे मोजू नयेत.