कॅमेऱ्याची बटणे आणि आपली बोटे

गेल्या नाताळच्या सुट्टीत भाच्याने आपल्या आईसाठी, म्हणजे आमच्या अक्कासाठी, एक नवा कॅमेरा आणला. आमच्या घरात फोटो काढावेत ते अक्कानेच, हा जुना शिरस्ता. लग्न होऊन ती वडोदऱ्यास गेली, तेव्हा तेथेच तयार होणारा आगफा क्लिक-३ तिच्या यजमानांनी तिला घेऊन दिला होता. एका रिळावर चौकोनी असे बाराच फोटो निघत. तेव्हा एकही वाया जाऊ नये, हा तिचा बाणा. आज आमच्या भिंतीवर जे वडीलधारे दिसतात, ते बहुतेक तिच्याच हातचे आहेत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी धाकट्या भावाच्या नातीचा स्नानसंस्कार झाला. घरी परतल्यावर आमच्या ९३ वर्षांच्या आईच्या मांडीवर बाळ ठेवले आणि बाळाने तिचे बोट मुठीत घट्ट धरले. अक्काने लगबगीने कॅमेरा उचलला. उचलताना तिचा अंगठा मागच्या तांबड्या ठिपक्याच्या बटणावर पडला आणि फोटोऐवजी चलच्चित्र सुरू झाले. पडद्यावर तांबडी खूण कसली आली, हे पाहण्यासाठी तिने कॅमेरा खाली घेतला. तेवढ्यात बाळाने बोट सोडले. नंतर पाहतो तो कॅमेऱ्यात चार मिनिटांचे चलच्चित्र, आणि त्यात सर्वांच्या चपला!

अक्काने निमूटपणे कॅमेरा कपाटात ठेवला. म्हणाली, "अरे, माझ्या हाताला आता हे जमायचे नाही." हे वाक्य मला फार लागले. पन्नास वर्षे जो हात चुकला नाही, तो एकाएकी निकामी कसा होईल? दोष हाताचा की बटणाच्या जागेचा, हे पाहण्यासाठी त्याच रात्री भाचा, मी आणि अक्का असे तिघे जण कॅमेरा घेऊन बसलो. जे आढळले ते वाचकांच्या घरीही उपयोगी पडेल, म्हणून लिहितो.

पहिली तक्रार अर्थात त्या तांबड्या बटणाची. अंगठा जेथे आपोआप टेकतो, नेमके तेथेच ते बसविलेले. आजच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत बटणांची कामे बदलण्याची सोय असते. मात्र ती सूचीच्या आत दडलेली असल्याने कोणी तिकडे फिरकत नाही. भाच्याने त्या बटणाचे काम काढूनच टाकले. एक मिनिट लागले.

दुसरी तक्रार अशी, की कॅमेरा पोटाशी धरून मागच्या पडद्यात पाहावे, तर पडदा मध्येच काळा होई. अक्काला वाटे, यंत्र बिघडले. वास्तविक डोळा लावण्याच्या झरोक्याजवळ एक बारीक संवेदक असतो. काहीही जवळ आले, की डोळाच आला असे समजून तो पडदा मालवितो. हात किंवा पदर आडवा आला तरी त्याला तो डोळाच वाटतो! यावर उपाय म्हणजे पडदा सतत चालू ठेवण्याची आज्ञा देणे. तीही सूचीतच सापडली.

तिसरी तक्रार तळहाताची. मागच्या बाजूस चार दिशांच्या कळा असतात. पकड घट्ट केली, की अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग त्यांवर दाबला जाई आणि कॅमेरा चेहरा सोडून भिंतीवर दृष्टी लावी. या कळांना कुलूप घालता आले. शिवाय, डावा तळहात भिंगाखाली ठेवून कॅमेऱ्याचे ओझे त्यावर पेलावे; मग उजव्या हाताला आवळून धरण्याचे कारणच उरत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हल्लीचे बटण अर्धे दाबले असता भिंग दृष्टी जुळविते आणि पूर्ण दाबले असता फोटो निघतो. संधिवाताने ताठरलेल्या बोटाला हा 'अर्धा' कळावा कसा? यासाठी एक जुनी युक्ती आहे. कॅनन कंपनीने १९८९ साली इऑस ६३० या कॅमेऱ्यात दृष्टी जुळविण्याचे काम मागील बटणाकडे देण्याची सोय केली होती. आज ती अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत मिळते. अंगठ्याने मागचे बटण दाबून दृष्टी जुळवावी आणि मग वरचे बटण निःशंकपणे पूर्ण दाबावे. अक्काला हे तत्काळ मानवले. मात्र एक सावधगिरी हवी. असा कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देताना त्याला ही युक्ती सांगावी. नाहीतर तो बिचारा वरचेच बटण दाबील आणि सारे फोटो धूसर निघतील.

शेवटचा उपाय घरगुती. मागचे ते बटण बोटाला न पाहता सापडावे म्हणून अक्काने त्यावर नखांच्या रंगाचा एक जाड थेंब सोडला आणि रात्रभर वाळू दिला. अंधारातही आता अंगठा चुकत नाही.

यंत्र माणसासाठी सोपे करण्याची खटपट फार जुनी आहे. १८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा विकावयास काढला, तेव्हा दोरी ओढणे, बटण दाबणे आणि किल्ली फिरविणे एवढ्या तीनच क्रिया होत्या. शंभर फोटो संपले, की कॅमेराच कारखान्याकडे पाठवावा. बाकीचे काम ते करीत. आज कॅमेऱ्याला शेकडो कामे येतात, म्हणून बटणेही वाढली. परंतु त्यांतील आपल्याला हवीत ती तीन-चारच. बाकीची झोपवून ठेवण्यात कमीपणा कसला? म्हणून नवा कॅमेरा घरात आला, की समारंभाच्या आदल्या रात्री नव्हे, तर चांगला आठवडाभर आधी, ज्याने तो वापरावयाचा त्याच्याच हाती देऊन बसावे. बोट कोठे अडते ते त्याला विचारावे आणि तेवढेच बदलावे.

बाळाने पणजीचे बोट धरल्याचा तो फोटो मात्र गेला तो गेलाच. परंतु परवा दुपारी आई ओसरीवर वाटाणे सोलीत बसली होती. मी काही सांगण्यापूर्वीच अक्का आतून कॅमेरा घेऊन आली. तिने एकच फोटो काढला आणि पडद्याकडे न पाहताच म्हणाली, "आला."

मी पाहिला. खरोखरच आला होता.