कागद आहेत, वाचक हवेत

वाड्यांच्या माळ्यांवर कसरीच्या तोंडी पडणारी दप्तरे वाचवावीत, या तळमळीतून वि. का. राजवाडे व खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. आज तेथे लक्षावधी कागद सुरक्षित आहेत. वानवा आहे ती मोडी वाचणाऱ्यांची. संग्रहालयातील तलवार पाहणाऱ्याशी थोडेफार बोलते. न वाचलेले दप्तर मुकेच राहते. म्हणूनच मोडीचे वर्ग हा अशा संस्थांचा जोडधंदा नव्हे, तो त्यांचा प्राण होय. शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांनी तिकडे वळावे. शासनाने व विद्यापीठांनी मोडी जाणणाऱ्यांना काम द्यावे. कसरीपासून वाचविलेला कागद आपल्या अनास्थेने गमावणे, यासारखा करंटेपणा नाही.