सल्ला द्यावा तो कशाचा?

नोकरीच्या मागे न लागता सल्लागाराचा स्वतंत्र व्यवसाय काढावयाचा, तर विषय कोणता निवडावा, असे तरुण मंडळी आम्हांस विचारतात. आमचे म्हणणे असे की, ज्यात मिळकत मोठी दिसते तो विषय नव्हे. ज्यात आपला हात बसला आहे व ज्याची लोकांस नड आहे, तोच घ्यावा. विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली खडकवासल्यास स्वयंचलित दारे बसविली. पुढे १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबाद संस्थानाने त्यांस सल्ल्यासाठी पाचारण केले. आधी काम, मग सल्ला, हाच क्रम होय.

आमच्या घुग्घुसची नड तर पायाखालीच आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये येथील आमराई वॉर्डात एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. खाली कोळशाची जुनी भुयारी खाण. घरची माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून बचावली. घर बांधण्यापूर्वी जुने नकाशे व जमीन तपासून सांगणारा जाणता माणूस अशा गावी हवा. खाणमोजणी शिकलेल्या तरुणाने प्रथम काही वर्षे अनुभव घेऊन हे क्षेत्र पत्करावे. वडीलधाऱ्यांनीही तोवर धीर धरावा. मात्र ‘येथे बांधू नका’ असे सांगण्यास जो कचरेल, त्याने या वाटेस जाऊ नये.