मोराला माफी, घोरपडीला काठी

मोर शेतात उतरला की आमच्याकडे लोक पोरांना हाका मारतात, 'ये, बघ!' घोरपड दिसली तरी हाक तशीच असते. फक्त 'येताना काठी आण' एवढे वाढते. गेल्या पावसाळ्यात आमच्या बांधावर असेच झाले. आठ-दहा माणसे, एक कुत्रे, आणि पळसाच्या मुळात नखे रुतवून बसलेला तो मुका जीव. ''इसारी हाय, फूक लागली तर माणूस मरतंय,'' असे एक काका म्हणाले. मी पुस्तकात वेगळे वाचले होते, पण गप्प राहिलो.

वाणिज्य शाखेत शिकत असल्याने प्रत्येकाची खतावणी मांडण्याची खोड लागली आहे. मोराच्या नावे बाजूला पेरलेले दाणे, हरभऱ्याचे कोंब, भुईमूग. जमेला किडे, लहान साप आणि अर्थात पिसारा. घोरपड पिकाला तोंड लावीत नाही. किडे, भुंगेरे, उंदीर, खेकडे हे तिचे अन्न. कोंबडीची अंडी पळविते, तेवढे मात्र तिच्या नावे टाकलेच पाहिजे. फुकेने मात्र कोणी मरत नाही. शिल्लक कोणाची जास्त, हे शेतकऱ्यानेच सांगावे!

मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात दोघेही पहिल्याच अनुसूचीत आहेत. शिकारीची शिक्षा दोघांसाठी सारखीच, तीन ते सात वर्षे कैद. तरीही घोरपडीचे मांस कमरेला चांगले म्हणून खाल्ले जाते, आणि तिच्या नराचे जननेंद्रिय वाळवून 'हत्थाजोडी' नावाची मुळी म्हणून लक्ष्मी येण्यासाठी विकले जाते. तिजोरीत ती ठेवणाऱ्याला आपण काय पुजतो हे ठाऊक तरी असते का?

आणि हे कुठे, तर बिदरच्या मुलखात! घोरपडीला दोर बांधून खेळणा किल्ला सर केला, म्हणून १४७१ साली बहमनी सुलतानाने 'घोरपडे' हा किताब दिला, असे मुधोळचे घराणे सांगते. तेव्हा राजधानी बिदरच होती. खंडोबाच्या वाघ्याची दिमडीसुद्धा पूर्वी तिच्याच कातड्याने मढवीत.

यंदाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात भिंतीवर मोर काढायचे ठरत आहे. माझे म्हणणे, शेजारी घोरपडही काढावी, खाली मराठीत 'घोरपड' आणि कन्नडमध्ये 'उड' लिहावे, आणि 'विषारी नाही' हे शब्द दोन्ही भाषांत मोठ्या अक्षरांत. रंगाचा खर्च मी वर्गणीतून जमवितो.