दहाचं नाणं घ्या, दहाचं नाणं द्या : बाजारातल्या सर्वांना जाहीर आवाहन

आपल्या तालुक्याच्या बाजारपेठेतले किराणा दुकानदार, भाजीविक्रेते, रिक्षाचालक, हॉटेलवाले आणि रोज इथे खरेदीला येणारे सर्व ग्राहक, आपणा सगळ्यांना ही कळकळीची विनंती आहे.

दहा रुपयांचं नाणं बंद झालेलं नाही. ते चालू चलन आहे आणि कधीच रद्द झालं नव्हतं. तरीही आपल्याकडे हे नाणं पुढे केलं की समोरचा हात मागे घेतो आणि नोट मागतो. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "मी घेईन हो, पण माझ्याकडून पुढे कुणी घेत नाही." दुकानदार गिऱ्हाइकाकडे बोट दाखवतो, गिऱ्हाईक दुकानदाराकडे. नाणं खोटं आहे असं छातीठोकपणे सांगणारा मात्र शोधून सापडत नाही. तेच नाणं मुंबईत, पुण्यात कुणी उलटून पाहतही नाही. इथे ते कपाटातल्या डब्यात पडून राहतं.

संशयाचं मूळ नाण्याच्या रूपात आहे. काही नाण्यांवर रुपयाचं चिन्ह (₹) आहे, काहींवर नाही. काहींवर आकड्याच्या वरच्या बाजूला दहा रेघा आहेत, काहींवर पंधरा. यावरून 'दहा रेघांचं खरं, पंधराचं नकली' अशी अफवा पसरली आणि ती मोबाइलवरून गावोगाव पोहोचली. खरी गोष्ट साधी आहे. रुपयाचं चिन्ह सरकारने २०१० साली स्वीकारलं आणि २०११ पासून ते नाण्यांवर आलं. त्याआधीच्या नाण्यांवर ते असणार कुठून? रेघांची संख्याही नक्षीबरोबर बदलली. शिवाय प्रसंगानुसार वेगळी नाणी निघतात. डॉ. होमी भाभा, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, महाराणा प्रताप, तात्या टोपे यांची स्मृती जपणारी दहाची नाणी निघाली आहेत, योग दिनाचंही आहे. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी जाहीर निवेदन काढून सांगितलं की तोवर दहाच्या नाण्याचे १४ नमुने निघाले आहेत आणि ते सगळे वैध आहेत. त्यानंतर आणखी नमुने आले. तेही वैधच आहेत.

ओळखायचं असेल तर रेघा मोजत बसू नका. दहाच्या नाण्याला बाहेर पिवळं कडं आणि आत पांढरा धातू असतो. वीसचं नाणं २०२० मध्ये आलं. त्याचे रंग उलटे, बाहेर पांढरं आणि आत पिवळं, आणि ते गोल नसून बारा बाजूंचं आहे. दृष्टिहीन माणसाला ते बोटांनी चाचपून कळावं, हा या घडणीमागचा हेतू आहे. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याला नाणं ओळखता येतं आणि आपण डोळस माणसं ते परत करतो, हे मला फार खुपतं.

एका ठिकाणी गोंधळ खरोखर होतो, तो मान्य करायला हवा. हाताचा अंगठा दाखवणारं जुनं एक रुपयाचं नाणं आणि २०११ नंतरचं दोन रुपयांचं नाणं आकाराने सारखीच आहेत, रंगही तोच. गर्दीच्या वेळी चूक होते. तिथे आकडा वाचून घ्या, पण नाणं नाकारू नका. पन्नास पैसेही कायद्याने चालतात. ३० जून २०११ पासून बंद झाली ती पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी.

या नकाराची झळ कुणाला बसते ते पाहा. मोठा व्यापारी क्यूआर कोड दाखवून मोकळा होतो. पण दिवसभर कोथिंबिरीच्या जुड्या विकणाऱ्या बाईकडे, हमालाकडे, चहाच्या टपरीवाल्याकडे चिल्लरच जमते. त्या बाईच्या टोपलीतली पाच-सहा नाणी कुणी घेत नाही, म्हणजे तिच्या कष्टाचे पन्नास-साठ रुपये त्या दिवशी पैसेच राहत नाहीत. आपण चिकटपट्टी लावलेली, फाटकी, मळकी दहाची नोट निमूट घेतो आणि वर्षानुवर्षं टिकणारं धडधाकट नाणं परत करतो. हे बरोबर नाही.

मला कुणाला कायद्याची भीती घालायची नाही. दुकानदारांची अडचणही खरी आहे. गल्ल्यात नाणी साठली तर ती खपवायची कुठे? त्यासाठी बँका आहेत. खात्यात नाणी भरायला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही आणि शाखांना ती स्वीकारण्याच्या स्पष्ट सूचना आहेत. शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या करून नेल्या तर मोजणाऱ्यालाही सोपं जातं. शाखेने नकार दिला तर शाखाधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या, तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. ग्राहकांनीही ध्यानात ठेवावं की एका व्यवहारात रुपयाची आणि त्यावरची नाणी एक हजार रुपयांपर्यंतच कायदेशीर देणं ठरतात. पोतंभर चिल्लर आणून कुणाची अडवणूक करू नये.

नाण्यांच्याच बाबतीत आणखी एक सावधगिरी : जुन्या नाण्याचे लाखो रुपये मिळवून देतो, त्यासाठी आधी शुल्क भरा, असा फोन आला तर एक पैसाही देऊ नका. रिझर्व्ह बँक असा व्यवहार करत नाही.

दुकानदारांनो, 'येथे दहा व वीस रुपयांची सर्व नाणी स्वीकारली जातात' अशी पाटी येत्या आठवडी बाजाराच्या आत गल्ल्याजवळ लावा. ग्राहकांनो, सुट्टे परत घेताना दहाचं नाणं आलं तर ते हसतमुखाने खिशात टाका. आणि घरातल्या डब्यात पडलेली नाणी उद्याच बाजारात घेऊन या.